नर्सिंग लायसन्स आणि जुना गुन्हा: अमेरिकेतल्या चौकशीची पार्श्वभूमी

अमेरिकेत नर्सला लायसन्स देते ते राज्याचे बोर्ड. केंद्र सरकारचा त्यात हात नाही. नोंदणीचा पहिला कायदा 1903 साली नॉर्थ कॅरोलिनात झाला आणि न्यू जर्सी, न्यू यॉर्क, व्हर्जिनिया यांनी त्याच वर्षी आपापले कायदे केले. अर्जदाराचे ‘नैतिक चारित्र्य चांगले असावे’ ही त्या काळच्या अशा कायद्यांतली ठरावीक अट. चारित्र्य मोजायचे कशाने, हे बोर्डाच्या मर्जीवर.

या मर्जीला बळ आधीच मिळाले होते, तेही डॉक्टरांच्या खटल्यातून. न्यू यॉर्कच्या डॉ. हॉकर यांना 1878 मध्ये बेकायदा गर्भपाताबद्दल शिक्षा झाली. ती भोगून झाल्यावर राज्याने नवा कायदा केला: गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने वैद्यकी करू नये. सर्वोच्च न्यायालयाने 1898 मध्ये तो मान्य केला. ही दुसऱ्यांदा शिक्षा नव्हे, धंद्यासाठीची पात्रता आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. पुढे 1957 मध्ये, न्यू मेक्सिकोतल्या एका वकिलीच्या अर्जदाराच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने मर्यादा घातली: अट कोणतीही असो, तिचा त्या कामाच्या लायकीशी तर्कसंगत संबंध हवा. आजचे वाद या दोन निकालांच्या मधल्या जागेत चालतात.

बोटांच्या ठशांची तपासणी सुरू होईपर्यंत बहुतेक बोर्डे अर्जदार फॉर्मवर काय लिहितो त्यावर भिस्त ठेवत. एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या गुन्हे नोंदी मिळवायच्या तर 1972 च्या केंद्रीय कायद्यानुसार राज्याने ठशांची सक्ती करणारा स्वतःचा कायदा करावा लागतो. म्हणूनच ही पद्धत राज्याराज्यांत वेगवेगळ्या वर्षी आली. कॅलिफोर्नियाने ऑगस्ट 1990 पासून नव्या अर्जदारांचे ठसे घेतले, पण त्याआधीच्या नर्स तशाच राहिल्या. 2008 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्स हे वृत्तपत्र आणि प्रोपब्लिका ही शोधपत्रकारिता करणारी संस्था यांनी शिक्षा झालेल्या नर्स लायसन्स सांभाळून आहेत हे छापले, तेव्हा जुन्यांनाही ठसे देणे भाग पडले.

कडक तपासणीच्या बाजूने चार्ल्स कलन याचे नाव हटकून घेतले जाते. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात रुग्णांना मारणारा हा नर्स डिसेंबर 2003 मध्ये पकडला गेला. खरे तर नुसत्या ठशांनी तो सापडला नसता. आधीच्या रुग्णालयांनी संशय पुढे कळवला नाही, हे त्यातले दुखणे. न्यू जर्सीच्या 2005 च्या कायद्याने असे कळवणे बंधनकारक केले, तो इलाज जास्त नेमका होता.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे. जानेवारी 2018 मध्ये सुधारित आंतरराज्य करार लागू झाला. करारातल्या सर्व राज्यांत चालणारे लायसन्स ‘फेलनी’, म्हणजे गंभीर गुन्हा, नावावर असलेल्याला मिळत नाही. बोर्डाला योग्य वाटले तर एकाच राज्यापुरते मिळू शकते. कॅलिफोर्निया करारात नाही. तिथे 1 जुलै 2020 पासून साधारणपणे अर्जाआधीच्या 7 वर्षांतलीच शिक्षा विचारात घेता येते, आणि तीही कामाशी ठोस संबंध असलेल्या गुन्ह्याची. कायद्याने ‘सीरियस’ ठरवलेल्या फेलनींना ही 7 वर्षांची सूट नाही. टेक्सासमध्ये वेगळी सोय आहे: कॉलेजची फी भरण्याआधीच बोर्डाकडे ‘डिक्लेरेटरी ऑर्डर’साठी अर्ज करून आपण पात्र ठरू का, हे विचारता येते. दोन-चार वर्षे शिकून मग नकार ऐकण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

बरेच अर्ज घसरतात ते टेक्सासच्या ‘डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन’वर. आरोपी गुन्हा कबूल करतो, न्यायालय दोषी ठरवणे लांबणीवर टाकते, प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखालचा काळ, पूर्ण झाले की खटला निकाली निघतो. वकील सांगतो ‘केस संपली’, म्हणून अर्जातल्या जुन्या गुन्ह्याच्या प्रश्नापुढे अर्जदार ‘नाही’ वर खूण करतो. ठशांतून नोंद निघते, आणि मूळ गुन्हा किरकोळ असला तरी खोटी माहिती दिली हे नकाराचे स्वतंत्र कारण होऊन बसते. प्रश्न शब्दशः वाचावा. तिथे डिफर्डचाही उल्लेख असतो.

एफबीआयच्या उताऱ्यात अनेकदा अटक दिसते, निकाल दिसत नाही. तो न्यायालयाच्या कारकुनाकडून प्रमाणित प्रत काढून अर्जदारानेच जोडायचा. सोबत प्रोबेशन संपल्याचा कागद, स्वतःच्या शब्दांतला खुलासा, आणि घडले काय ते माहीत असलेल्या वरिष्ठांची पत्रे. ‘स्वभावाने चांगली आहे’ एवढेच म्हणणारे पत्र फारसे कामाचे नाही.

ठशांचीही एक गंमत आहे. सतत हात धुऊन आणि सॅनिटायझर लावून नर्सच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि ठसे अस्पष्ट म्हणून नाकारले जातात. दोनदा नाकारले गेले, तर बोर्डामार्फत नावावरून शोध मागता येतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे: पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस क्लिअरन्स व्हिसासाठी असतो, बोर्डाची ठशांची तपासणी त्याने टळत नाही.

लायसन्स मिळूनही नोकरी अडते ती केंद्राच्या बहिष्कृत यादीमुळे. आरोग्यसेवेतली फसवणूक किंवा औषधांच्या गैरव्यवहारातली फेलनी असेल, तर 1996 च्या कायद्यापासून किमान 5 वर्षे मेडिकेअर-मेडिकेड या वृद्धांसाठीच्या आणि गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनांतून वगळले जाते, आणि त्या पैशावर चालणारे रुग्णालय अशा नर्सला घेत नाही. यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. मुदत संपली म्हणून नाव आपोआप निघत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो.