अंजनाचं बी आणि खानदेशातली झाडलागवड

जून तोंडावर आला की खानदेशात रोपांच्या गाड्या फिरायला लागतात. करंज, कडुलिंब, चिंच, वड, गुलमोहर असं सगळं त्यात असतं. सातपुड्याच्या पायथ्याचे आणि अजिंठ्याच्या रांगेकडचे बरड ज्याने पिढ्यान् पिढ्या धरून ठेवले, तो अंजन वृक्ष मात्र त्या गाडीत क्वचितच दिसतो. असं का झालं हे समजून घ्यायचं तर दोन गोष्टी बघाव्या लागतात: अंजनाच्या बियाचा स्वभाव, आणि झाडं लावायची आपली पद्धत कुठून आली ते.

आधी बी. एप्रिल-मे महिन्यात अंजनाखाली उभं राहिलं की पायाखाली कागदासारख्या चपट्या, गवती रंगाच्या शेंगा चुरचुरतात. शेंग बोटभर लांब. बी एकच, तेही टोकाला. बाकीचा सगळा भाग वाऱ्यावर उडण्यासाठीचा पंख. हे बी रुजवायला फार खटाटोप लागत नाही. पाऊस लागला की ते आठ-पंधरा दिवसांत कोंब काढतं. रोप वर वीतभरही दिसत नाही तेव्हा त्याचं सोटमूळ मुरमाच्या फटीतून कितीतरी खोल गेलेलं असतं. सगळी ताकद आधी खाली. जिथे पावसाळ्यानंतर आठ महिने थेंब पडत नाही आणि मे महिन्यात खडक तापतो, तिथे तगायचं तर दुसरा उपाय नाही. काळ्या कसदार वावरात अंजन रमत नाही. त्याला उथळ, दगडगोट्यांची जमीनच मानवते. पण हेच मूळ दुखावलं की रोप खुंटतं. म्हणून उपटून दुसरीकडे लावणं त्याला सोसत नाही, आणि छोट्या पिशवीत वाढवलं तर मूळ तळाला टेकून गोल फिरतं.

आता पद्धतीचा इतिहास. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हा सरकारची नजर होती सागावर, कारण मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी लाकूड हवं होतं. डांगच्या भिल्ल राजांकडून 1842 च्या सुमारास सागाचे ठेके घेतले गेले आणि तो मुलूख पुढे बरीच वर्षं खानदेशच्या भिल्ल एजंटाच्या, म्हणजे भिल्ल मुलखासाठी नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या, देखरेखीत राहिला. त्याच दशकात दूर केरळात निलंबूरला कलेक्टर कोनोली आणि त्यांच्या हाताखालचे वनाधिकारी चातू मेनन यांनी सागाचं कठीण कवचाचं बी रुजवून मोठी लागवड उभी केली. सागाची तऱ्हा अंजनाच्या अगदी उलटी. बी आळीपाळीने भिजवा-वाळवा, गादीवाफ्यावर पेरा, वर्षभराने रोप उपटा, खोड आणि मूळ छाटून त्याची जडी करा आणि पहारीने भोक पाडून लावा. जडी मुकाट्याने फुटते.

1864 मध्ये इंपीरियल वनखातं निघालं. त्याचे पहिले प्रमुख डीट्रिख ब्रँडिस जर्मन होते, आणि पुढचे कित्येक अधिकारी जर्मनी-फ्रान्समध्ये वनविद्या शिकून आले. तिकडची झाडं म्हणजे फर, स्प्रूस, पाइन. फरचं बी ओलसर थंडीत काही आठवडे काढल्यावरच नीट रुजतं. रोप पहिली काही वर्षं सावलीत अगदी सावकाश वाढतं. ते वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात हलवत सांभाळायचं आणि चार-पाच वर्षांनी जंगलात न्यायचं, हे त्या झाडाला शोभतं. तिथे रोपवाटिका हा लागवडीचा कणा होता. आपल्याकडेही ती आली, सागामुळे यशस्वी ठरली, आणि जे झाड वाफ्यात रमत नाही ते हळूहळू यादीतून सुटलं.

1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये अंजनाची नोंद आहे. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, मुसळ, घराचे खांब यांना ते चाले. सालीचे दोर निघत. माझ्या मते खरं मोल पाल्याचं. गवत संपतं त्या ऐन उन्हाळ्यात अंजनाला नवी पालवी येते आणि ढोरं ती आवडीने खातात. आणि इथेच घात झाला. छप्पनच्या (विक्रम संवत 1956) दुष्काळात, म्हणजे 1899-1900 साली, आणि पुढे 1972 च्या दुष्काळातही माणसाला स्वतःला खायला नव्हतं, तिथे ढोरांसाठी हाताला लागेल तो पाला छाटला गेला. दरवर्षी फांद्या छाटलेल्या अंजनाला शेंगा धरत नाहीत. तशातही त्याला भरघोस बी दरवर्षी येत नाही, काही वर्षांआड येतं. जे थोडं रुजतं ते शेळ्या कुरतडतात किंवा वणव्यात जातं. म्हणून आज कित्येक टेकड्यांवर म्हातारे अंजन उभे आहेत आणि त्यांच्याखाली एक पोर दिसत नाही. मला हे फार लागतं.

बहात्तरनंतर रोजगार हमीवर टेकड्यांना उताराला आडवे, पाणी अडवणारे समतल चर पडले, सामाजिक वनीकरण आलं, आणि गादीवाफ्याची जागा प्लास्टिकच्या पिशवीने घेतली. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प ही भराभर वाढणारी झाडं लागली. त्यातल्या सुबाभळीवर 1988 पासून तुडतुड्यासारख्या सिलिड किडीने हल्ला केला आणि तिचा दबदबा ओसरला. मग राज्याने 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं. हेतू चांगला होता. पण मोजणी खड्ड्यांची आणि रोपांची; चराच्या भरावावर टाकलेलं बी कोणत्याही रकान्यात बसत नाही.

दुसरी वाटही खानदेशातच दिसते. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने 1990 च्या दशकात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून जंगल परत आणलं; त्या कामाचे म्होरके चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथला पाऊस जास्त, झाडं वेगळी, पण जागेवरच्या बियाला आणि बुंध्याला राखलं की जंगल उठतं हे तिथे दिसून आलं. अंजनाला नेमकं हेच हवं: शेंगा लगडतील त्या वर्षी मेमध्ये त्या गोळा करायच्या, पावसाच्या तोंडावर चराच्या भरावावर बोटभरही खोल न गाडता पेरायच्या, पहिली दोन वर्षं भोवतीचं गवत काढायचं आणि ढोरं-शेळ्या लांब ठेवायच्या. रोपच करायचं असेल तर लांब नळीची पिशवी घ्यायची आणि त्याच पावसाळ्यात, मूळ तळाला टेकायच्या आत, ते जमिनीत उतरवायचं. आणि बियाण्यासाठी गावाने दहा-बारा जुने अंजन छाटणीतून कायमचे वगळायला हवेत.