ऑइल बदललं म्हणून गिअरबॉक्स गेला?

जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली की कोणीतरी हमखास बजावतं, "लाखभर किलोमीटर झालेत ना, मग गिअरबॉक्सच्या ऑइलला हात लावू नकोस, बदललंस की गाडी बसलीच!" यात तथ्य थोडं, गैरसमज जास्त. बहुतेक जण ऑइल बदलायला जातात तेच मुळी गिअर स्लिप व्हायला लागल्यावर. आरपीएम चढतो, गाडी मात्र पळत नाही. तोवर क्लच प्लेट झिजलेल्या असतात. नवं ऑइल त्या कशा भरून काढणार? पुढे गाडी बंद पडते आणि खापर ऑइलवर फुटतं.

धोका असतो तो मशीनने प्रेशर फ्लश करण्यात, म्हणजे दाबाने ऑइल ढकलून जुनं बाहेर काढण्यात. सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकू शकतो. शिवाय भलतंच ऑइल ओतण्यात. टोयोटाच्या डब्ल्यूएस या गिअरबॉक्स ऑइलच्या जागी मित्सुबिशीचं एसपी-३ चालत नाही, मग मेकॅनिक काहीही म्हणो.

आधी थेंबभर ऑइल पांढऱ्या कागदावर टाकून बघा. काळं पडलंय, करपट वास येतोय, तर क्लच जळालेत. गुलाबी दुधासारखं दिसलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) शिरलंय. गाडी चालवूच नका. नुसतं तपकिरी असेल आणि गिअर नीट पडत असतील तर खुशाल बदला, पण साधं ड्रेन करून. टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) बरंचसं जुनं ऑइल त्यात निघत नाही, म्हणून काही हजार किलोमीटरनी पुन्हा एकदा.