निखाऱ्याने जाळलेला चेहरा

१५९४ साली हार्लेम या डच शहरात हेंड्रिक गोल्टझियस या कोरीव चित्रकाराने बाळ येशूच्या सुंतेचा प्रसंग तांब्याच्या पत्र्यावर कोरला. धाटणी थेट आल्ब्रेख्ट ड्युरर या नामांकित जर्मन कोरीव चित्रकाराची, आणि ड्युररला जाऊन तेव्हा ६६ वर्षे झाली होती. मग गोल्टझियसने त्या पत्र्यावरून काढलेल्या एका छापावरचे स्वतःचे चित्र आणि सही निखाऱ्याने जाळली, कागदाला धूर देऊन तो जुनाट केला. जाणकार फसले, ड्युररचे न पाहिलेले काम हाती लागले म्हणून हरखले. हा किस्सा त्याचा मित्र, चित्रकार-लेखक कारेल व्हान मान्डर याने १६०४ मध्ये छापला. मित्रानेच सांगितलाय, तेव्हा थोडा मीठमसाला असणारच.

मला मात्र चित्रातली जागा खुणावते. प्रसंग बायबलमधला, पण खांब-कमानी हार्लेमच्या सेंट बाव्हो चर्चच्या. हे चर्च १५७८ मध्ये कॅथलिकांच्या हातून गेले आणि तिथे कॅल्व्हिनपंथीय प्रोटेस्टंटांची प्रवचने सुरू झाली. सुंतेचा हा छाप येशूची आई मरिया हिच्या जीवनावरच्या सहा छापांच्या मालिकेतला; ही मालिका जर्मनीतल्या बव्हेरियाच्या कॅथलिक ड्यूकला, पाचव्या विल्हेल्मला अर्पण केलेली, पण ती घडली कॅल्व्हिनपंथी हार्लेममध्ये!

डच प्रजासत्ताकात कॅथलिकांना उघड उपासनेला बंदी होती. डच प्रांतांमधल्या १५७९ च्या उट्रेख्ट करारानुसार कुणाच्या मनातल्या श्रद्धेची चौकशी मात्र करायची नव्हती. पुढे ॲमस्टरडॅममध्ये १६६३ साली एका व्यापाऱ्याच्या घराच्या माळ्यावर अख्खे छुपे चर्च उभे राहिले. छापाला तेवढीही जागा लागत नाही, छोटा छाप तर प्रार्थनेच्या पुस्तकातही सहज दडतो.

तंत्र असे : ब्युरिन ही चौकोनी काडीची टोकदार पोलादी कोरणी पुढे ढकलत तांब्यात चर पाडायचा. कोरणी खोल गेली की रेघ जाड, वर उचलली की बारीक. सगळ्या पत्र्यावर शाई फासायची आणि पृष्ठभाग पुसून घ्यायचा. शाई उरते ती चरांतच. वर ओलसर कागद ठेवून दोन रुळांच्या दाबातून काढला, की मऊ झालेला कागद चरात घुसून शाई उचलतो. चित्र उलटे उमटते, म्हणून कोरायचेही उलटेच.

लहानपणी भाजल्याने गोल्टझियसच्या उजव्या हाताची बोटे नीट उघडत नसत. तरी जाड-बारीक होत जाणारी रेघ हीच त्याची ओळख.

तांबे मऊ असल्याने दर छापामागे चर झिजतात, आणि नाजूक रेघा आधी पुसट होतात. सुरुवातीचा छाप हाती आला तर सेंट बाव्होतल्या त्या गर्दीत मागे उभा असलेला गोल्टझियस शोधून बघा.