आधी स्वतः बसा, मग इतरांना सांभाळा : केबिन क्रूच्या नियमांमागचे विज्ञान

मुंबईत अंधेरी, मरोळ आणि कालिना या भागांत पहाटे तीन-चार वाजता गणवेश घालून, चाकांची बॅग ओढत गाडीची वाट पाहणारी तरुण मुले-मुली नेहमी दिसतात. त्यांच्या कामाचे ठिकाण साधारण अकरा किलोमीटर उंचीवर, ताशी आठशे-नऊशे किलोमीटर वेगाने जाणारे असते, आणि तेथे दिवसभर उभे राहून काम करणारे तेवढेच असतात, कारण बाकी सगळे पट्टा बांधून बसलेले असतात. त्यांना शिकवले जाणारे सुरक्षेचे नियम बाहेरून पाहणाऱ्याला केवळ कंपनीची शिस्त वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील जवळजवळ प्रत्येक नियमामागे पदार्थविज्ञान किंवा शरीरविज्ञान उभे आहे, आणि ते प्रवाशांनीही समजून घेण्याजोगे आहे.

खाद्यपेयांच्या ट्रॉलीचेच पाहू. पूर्ण भरलेल्या मोठ्या ट्रॉलीचे वजन शंभर किलोच्या घरात जाते. समांतर उडणारे विमानही पूर्णपणे सपाट नसते. त्याचे नाक दोन-तीन अंशांनी वर असते, म्हणजे मधली वाट हा एक सौम्य चढच असतो. तीन अंशांच्या चढावर शंभर किलोची ट्रॉली मागे घसरू न देण्यासाठी सुमारे पाच किलो वजनाइतका जोर सतत लावावा लागतो. विमान अजून उंची गाठत असेल आणि हा कोन आठ अंशांचा असेल, तर तोच जोर चौदा किलोंवर जातो, आणि थांबलेली ट्रॉली हलवताना त्यात चाकांच्या घर्षणाची भर पडते. दिवसातून तीन-चार उड्डाणे करणाऱ्याच्या कंबरेवर आणि खांद्यांवर याचा काय परिणाम होतो, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच ट्रॉली शक्यतो ओढायची नाही तर ढकलायची, मोठ्या ट्रॉलीच्या दोन्ही टोकांना एकेकाने उभे राहायचे, कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकायचे, आणि क्षणभर थांबायचे असले तरी पायाने लाल पेडल दाबून ब्रेक लावायचा. हिरव्या पेडलने तो ब्रेक सुटतो. ट्रॉली वाटेत एकटी सोडून जाणे ही गंभीर चूक मानली जाते, आणि ते योग्यच आहे.

ट्रॉलीचा खरा धोका मात्र टर्ब्युलन्समध्ये, म्हणजे हवेच्या खळबळीत दिसतो. पावसाळ्याआधीच्या दुपारी सह्याद्रीवर चढणारे गडगडाटी ढग विमानाच्या रडारवर दिसतात, कारण रडारला त्यांतील पाण्याचे थेंब सापडतात. स्वच्छ आकाशातली खळबळ मात्र रडारला दिसत नाही, कारण परावर्तन करायला तेथे थेंबच नसतात. 21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग 777 विमान म्यानमारवर तीव्र खळबळीत सापडले. तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालानुसार, विमानातील माणसांना जाणवणारे उभ्या दिशेतील बल 0.6 सेकंदात अधिक 1.35 जी वरून उणे 1.5 जी पर्यंत गेले (1 जी म्हणजे जमिनीवर जाणवणारे नेहमीचे गुरुत्व). याचा अर्थ असा, की पट्टा न बांधलेल्या माणसाच्या दृष्टीने छत हीच जमीन झाली आणि तो नेहमीच्या दीडपट गुरुत्वाने वर ‘पडू’ लागला. डोके आणि छत यांत अर्ध्या मीटरचे अंतर धरले, तर एवढ्या त्वरणाने ते कापायला साधारण पाव सेकंद पुरतो. तेवढ्या वेळात हात वर करून स्वतःला सावरणे कोणालाही शक्य नसते.

त्यामुळे तीव्र खळबळीतला नियम अगदी स्पष्ट आहे : ब्रेक लावा, गरम चहा-कॉफीची भांडी ट्रॉलीत किंवा खाली जमिनीवर ठेवा आणि जी आसनाची जागा सर्वांत जवळ असेल तेथे बसून पट्टा बांधा. जागाच नसेल तर वाटेतच खाली बसून आसनाचा हात घट्ट धरा. प्रवाशांचे पट्टे तपासत फिरायचे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तेथील प्रवासी विमान कंपन्यांच्या 2009 ते 2018 या काळातील अपघातांपैकी एक तृतीयांशाहून अधिक अपघात टर्ब्युलन्सशी संबंधित आढळले, आणि गंभीर जखमींमध्ये सर्वाधिक प्रमाण केबिन क्रूचे होते. विमान उतरत असताना, केबिन आवरण्याच्या घाईत हा धोका वाढतो. 1 मे 2022 रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेले विमान उतरण्याच्या टप्प्यातच तीव्र खळबळीत सापडले होते आणि त्यात प्रवाशांबरोबर केबिन क्रूही जखमी झाले होते. रिकामा कप न्यायला कोणी आले नाही म्हणून त्या वेळी बेल दाबणाऱ्या प्रवाशाने हे जरूर लक्षात घ्यावे.

यात क्रूने स्वतःचा जीव आधी पाहिला, असे कोणाला वाटेल. हिशेब वेगळा आहे. आपल्याकडे पन्नास आसनांमागे किमान एक केबिन क्रू लागतो. नव्या प्रकारच्या विमानाला मान्यता देताना, निम्मेच दरवाजे वापरून सर्व माणसे 90 सेकंदांत बाहेर काढता येतात, हे सिद्ध करावे लागते. घोटा मोडलेला एक कर्मचारी म्हणजे सांभाळायला कोणी नसलेला एक दरवाजा होय.

ऑक्सिजनच्या मास्कचा नियमही असाच आहे. विमानाच्या आतील हवेचा दाब सहसा आठ हजार फुटांपर्यंतच्या, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या सुमारे दीडपट उंचीवरील दाबाइतका राखलेला असतो. पस्तीस हजार फुटांवर हा दाब अचानक गेला, तर माणूस भानावर राहून योग्य कृती करू शकेल असा काळ केवळ 30 ते 60 सेकंदांचा असतो. शारीरिक श्रम करणाऱ्याच्या स्नायूंना ऑक्सिजन जास्त लागत असल्यामुळे त्याच्यासाठी तो आणखी आखडतो, आणि उभे राहून ट्रॉली ढकलणारा क्रू नेमका याच गटात येतो. म्हणून समोर दिसेल तो मास्क आधी आपल्या तोंडावर लावायचा.

दाबातील रोजच्या चढउताराचा त्रास कानांना होतो. आठ हजार फुटांच्या दाबाला बंदिस्त हवा सुमारे एक तृतीयांशाने प्रसरण पावते आणि उतरताना पुन्हा आकुंचन पावते. सर्दीमुळे घसा आणि मधला कान यांना जोडणारी नलिका सुजलेली असेल, तर उतरताना कानात बाहेरची हवा शिरत नाही, पडदा आत ओढला जातो आणि प्रसंगी फाटतो. सर्दी असताना ड्यूटीवर न येणे हा कामचुकारपणा नव्हे. तारकर्लीला सुट्टीवर जाऊन स्कूबा डायव्हिंग केलेल्यांनीही साधारण 24 तास उड्डाण टाळावे, कारण खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबाखाली बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो.

न दिसणारा आणखी एक घटक म्हणजे वैश्विक किरण. त्यांपासून आपल्याला वातावरण आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र वाचवते. मुंबई चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नसल्यामुळे येथील आकाशात ते संरक्षण चांगले मिळते. याच चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात सुरू झाल्या आणि शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये ते काम अलिबागला हलवले गेले. मुंबई–न्यूयॉर्कसारख्या मार्गावर विमान उत्तरेकडे जाते तेव्हा मात्र तेवढ्याच उंचीवर किरणांची मात्रा दोन-तीन पटींनी वाढते. विमान कर्मचाऱ्यांची वार्षिक मात्रा साधारण 2 ते 5 मिलिसिव्हर्ट (ही मात्रा मोजण्याचे एकक) असते. व्यावसायिक मर्यादा सरासरी 20 मिलिसिव्हर्टची असल्याने घाबरण्याचे कारण नाही. गर्भासाठीची मर्यादा मात्र बरीच कमी आहे, म्हणून गरोदरपण कळताच ते तत्काळ कळवणे आवश्यक ठरते.

उड्डाण आणि उतरणे या दोन्ही वेळी जम्प सीटवर, म्हणजे क्रूसाठीच्या घडीच्या आसनावर, बसलेला क्रू गप्प दिसतो, तेव्हा तो ‘सायलेंट रिव्ह्यू’ करत असतो. पाय जमिनीवर सपाट, खांद्यांवरचे पट्टे घट्ट, पाठ मागे टेकलेली. मागे तोंड करून बसणाऱ्याचे डोके आसनाच्या पाठीला दाबलेले, पुढे तोंड करणाऱ्याची हनुवटी छातीकडे झुकलेली. अशा अवस्थेत तो मनातल्या मनात आपला दरवाजा उघडण्याचे टप्पे, बाहेर आग आहे का हे पाहण्याची रीत, द्यायचे आदेश आणि मदतीला घेण्याजोगे प्रवासी यांची उजळणी करतो. मुंबईत पश्चिमेकडे झेप घेणारे विमान जुहू ओलांडून थोड्याच वेळात अरबी समुद्रावर असते. त्यामुळे या उजळणीत पाण्यावर उतरण्याचा प्रसंगही धरावा लागतो; तेव्हा काही विमानांचे मागचे दरवाजे पाण्याच्या पातळीखाली जाऊ शकतात आणि खिडकीतून पातळी पाहिल्याशिवाय त्यांना हात लावायचा नसतो.