पाणी साचतं तिथे जुन्कस

बागेत एखादा कोपरा असा असतो की तिथलं पाणी हटतच नाही. नळाखालची जागा म्हणा, उताराचा तळ म्हणा. तिथे लावलेलं रोप पिवळं पडतं. उपटून पाहावं तर मुळं काळी आणि कुजका वास. माती पाण्याने भरली की तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. अशा जागेत भर घालण्याआधी जुन्कस लावून पाहा, म्हणजे पाणथळीत वाढणारी, गवतासारखी दिसणारी वनस्पती.

जुन्कस गवत नव्हे आणि लव्हाळाही नव्हे. देठ दोन बोटांत धरून फिरवा. लव्हाळ्याच्या तीन कडा बोटांना लागतात, जुन्कसचा देठ सुतासारखा गोल फिरतो. जुन्कस इफ्यूसस या जातीचा देठ नखाने उभा चिरला, तर आत पांढरा, हलका गर दिसतो. भिंगातून हा गर जरूर पाहावा: चांदणीच्या आकाराच्या पेशी, एकमेकींना फक्त टोकांनी चिकटलेल्या, मधे नुसती हवा. (हाच वाळलेला गर चरबीत भिजवून युरोपात पूर्वी दिवे लावत. जपानी तातामी चटयांचा वरचा थरही याच जातीच्या देठांचा.) देठातल्या या पोकळ्यांतून ऑक्सिजन चिखलातल्या मुळांपर्यंत उतरतो. थोडा मुळांबाहेरही झिरपतो, चिखलात विरघळलेलं लोह त्याने गंजतं आणि मुळांवर तांबूस थर बसतो. कुंडी बदलताना तो दिसला तर रोग समजून धुऊन काढू नका.

जुन्कसच्या सुमारे 300 जाती जगभर पसरलेल्या आहेत. आपल्या प्रदेशात मूळची असलेली जात निवडा आणि रोप रोपवाटिकेतूनच आणा, पाणथळीतून उपटून नको. ऊन भरपूर हवं, थोडी सावली चालते. खत लागत नाही. तळाला भोक नसलेली कुंडीसुद्धा चालते, फक्त माती सुकू द्यायची नाही. वर्षातून एकदा वाळलेले देठ बुडापासून कापावेत. ठोंब फार दाटला की फावड्याने सरळ दोन तुकडे करून वेगळे लावावेत, दोन्ही जगतात.

सांभाळायचं ते बियांपासून. त्या धुळीएवढ्या बारीक असतात, ओल्या झाल्या की चिकट होतात, पायाला चिकटून कुठेही जातात आणि मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. पसारा नको असेल तर देठाच्या कडेला येणारे तपकिरी फुलांचे झुबके बी पिकण्याआधीच कापून टाका.