सिमल्यात 93 हजार सोडले, 54 विसरले? तसं घडलेलं नाही

‘सिमला करारात आपण 93 हजार पाकिस्तानी सैनिक सोडून दिले आणि आपले 54 जवान मागायला विसरलो.’ दर 16 डिसेंबरला, म्हणजे 1971 च्या भारत-पाक युद्धातल्या विजयाच्या दिवशी, हे वाक्य फिरतं. त्यामागची वेदना खरी आहे, पण तपशील चुकीचा.

2 जुलै 1972 च्या सिमला करारात कैद्यांची सुटका ठरलीच नव्हती. तो प्रश्न पुढच्या चर्चेवर सोडला होता. पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल डिसेंबर 1972 मध्ये झाली, त्यात सहाशेहून अधिक भारतीय परतले. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पकडलेले 93 हजार (त्यात हजारो नागरिकही होते) सुटू लागले ते ऑगस्ट 1973 च्या दिल्ली करारानंतर.

मग 54 जण? ते तेव्हा बेपत्ता किंवा मृत धरले गेले होते. पाकिस्तानी तुरुंगात असल्याच्या खुणा हळूहळू समोर आल्या. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचंच पाहा. डिसेंबर 1971 मध्येच पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांत ‘टॉम्बे’ असं नाव छापून आलं होतं. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, पुढची कित्येक दशकं शोध घेत राहिल्या. अशा बेपत्ता जवानांची यादी संसदेत आली 1979 मध्ये. 1983 आणि 2007 मध्ये नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आले. कुणीच सापडलं नाही. असे कैदी आपल्याकडे नाहीत, हे पाकिस्तानचं म्हणणं कायम आहे.

या कुटुंबांचा रास्त सवाल सिमल्याच्या टेबलाबद्दलचा नाही. हाती आलेल्या खुणांचा पाठपुरावा वेळेत का झाला नाही, हा आहे.