बोअर करायचे की बदलायचे: जुन्या गाड्यांच्या इंजिनांची पार्श्वभूमी

झिजलेले इंजिन बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा करून, वाचवायचे की काढून दुसरे बसवायचे, हा जुन्या गाडीच्या मालकापुढचा प्रश्न. जुन्या गाडीत दुसरेच इंजिन बसवणे हा गॅरेजवाल्यांचा उद्योग समजला जातो. पण आपल्याकडे कारखान्यांनीही तो राजरोस केला आहे. हिंदुस्तान मोटर्सने ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) १४८९ सीसीच्या इंजिनावर धावणाऱ्या ॲम्बेसेडरला १९९० च्या दशकात इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन दिले. प्रीमियरची ११८एनई म्हणजे फियाट १२४ ची बॉडी आणि बॉनेटखाली निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन. महिंद्राची सीजे-३बी जीप विलिसच्या २.२ लिटर पेट्रोल इंजिनाची. पुढे त्याच घराण्यात आधी ट्रॅक्टरचे डिझेल आले आणि मग प्यूजोचे २११२ सीसीचे.

मालकांनी हा धडा गिरवला तो पैशांसाठी. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि सरकारी दरामुळे डिझेल बरेच स्वस्त राहिले. रोज घाट चढणाऱ्या जीपला पेट्रोल पाजणे परवडेना. पुण्यात तर पर्याय दारातच होता: आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजचे २.४ लिटरचे ओएम ६१६ डिझेल इंजिन मॅटाडोर आणि ट्रॅक्समध्ये वापरले. अशा गाड्या मोडीत निघू लागल्यावर त्यांची चालू इंजिने जीपमध्ये जाऊ लागली. जून २०१० मध्ये पेट्रोलवरचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचे दरनियंत्रण उठले, दोन्हींतले अंतर आटले आणि इंजिन बदलण्याचे सर्वात मोठे कारण संपले. सवय मात्र उरली.

दुसरीकडे, मूळ इंजिन वाचवायला पुण्यासारखे शहर नाही. खडकीत १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, मुंढव्यात क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) घडवणारी भारत फोर्ज, पिंपरीत टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स. या कारखान्यांच्या आधाराने भोसरी-चिंचवडला मशीन शॉप वाढली आणि बोअरिंग, होनिंग (सिलिंडरची आतली भिंत बारीक घासून घेणे), क्रँक ग्राइंडिंग हाताशी आले. सुट्या भागांसाठी नाना पेठ आहेच.

इंजिनाला बोअरची गरज आहे का, हे धुराच्या रंगावरून ठरवू नये. निळा धूर व्हॉल्व्हच्या गाइडमधून उतरणाऱ्या ऑइलचाही असतो, आणि ते काम हेड (ब्लॉकवरचे व्हॉल्व्हचे झाकण) काढून भागते. ब्लॉक उघडल्यावर बोअर डायल गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजावा. सर्वात जास्त झीज पिस्टनची वरची रिंग जिथवर चढून थांबते, त्याच्या लगेच खाली असते. तिथे बोटाला कड लागते. प्रीमियर पद्मिनीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५. वर-खाली फरक ०.१ मिमीच्या आत असेल तर होनिंग आणि नव्या रिंगा सहसा पुरतात. ०.१५ च्या पुढे गेला की बोअर करून ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे पिस्टन. पिस्टन आधी हातात घ्यावेत आणि मगच ब्लॉक बोअरला द्यावा, कारण बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो, डब्यावर छापलेल्या आकड्याने नाही. एवढी साधी गोष्ट, पण घाईत नेमकी हीच उलटी होते. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फीलर गेजने पाहावी. ६८ मिमीला ०.२५ ते ०.३० हवी. कमी राहिली तर रिंग तापून फुगते, टोके भिडतात आणि सिलिंडरवर ओरखडे उठतात. शेवटचा ओव्हरसाइज वापरून झाला असला तरी ब्लॉक मेला असे नाही. लायनर (सिलिंडरची नवी नळी) ठोकून पुन्हा स्टँडर्ड मापावर येता येते. ब्लॉक खरा मरतो तो मेन बेअरिंगच्या बैठकीला किंवा पाण्याच्या जॅकेटला तडा गेल्यावर.

क्रँकच्या बाबतीत ग्राइंडिंगवाल्याला एकच गोष्ट बजावून सांगावी: जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कोपऱ्यातली गोलाई राखायची. कोपरा काटकोनात कापला की क्रँक तिथूनच तुटतो.

जुन्या इंजिनाला २००० नंतर आणखी एक काम चिकटले. त्या वर्षी १ फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. ज्या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट बीडातच कापलेली आहे, तिला शिशाच्या थराचे संरक्षण असे. ते गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये खचत जातो, टॅपेटची फट कमी होते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. दर काही महिन्यांनी टॅपेट घट्ट होत असतील तर हे ओळखावे. हेड उघडलेच आहे तर एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. आता वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या फुगतात, भेगाळतात, ओव्हरहॉलमध्येच बदलाव्यात.

इंजिन बदलण्याचा हिशेब मात्र बहुतेक जण इंजिनाच्या किमतीवर थांबवतात. खरा खर्च त्याच्या आजूबाजूला असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली ॲडॉप्टर प्लेट डॉवेल पिनवर केंद्रित व्हायला हवी; नुसत्या बोल्टवर बसवली आणि मध्य ०.२ मिमीने जरी सरकला तरी पायलट बेअरिंग ओरडते आणि क्लच प्लेटचा हब फुटतो. ऑइल पॅन पुढच्या क्रॉस मेंबरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना अडते. जड डिझेलने पुढचे पाटे बसतात. पेट्रोलवरून डिझेलवर जाताना बूस्टरचे ब्रेक असतील तर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम मिळत नाही, स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. तो विसरलेली गाडी कात्रज उतरताना काय करेल, ते सांगायला नको. डिफरन्शियलचेही तसेच. सीजे-३बी चा रेशो ५.३८, ६.००-१६ टायरवर ताशी ८० ला टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ३२०० फेरे घेते. सावकाश फिरणाऱ्या डिझेलला ते झेपत नाही. फ्युएल इंजेक्शनचे नवे पेट्रोल इंजिन घेतले तर टाकीतला पंप, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि हार्नेस, म्हणजे वायरिंगचा अखंड जुडगा, त्याच गाडीतून उचलावा. कापून जोडलेल्या वायरिंगचे दोष शोधण्यात इंजिनापेक्षा जास्त वेळ जातो.

आणि कागद. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सन २००० मध्ये बदलले: नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापासून ढळेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवले. त्याच मेकचे, त्याच प्रकारचे इंजिन बसवायचे असेल तर आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवता येतो. पद्मिनीला पद्मिनीचे दुसरे इंजिन, एवढीच मोकळीक धरून चालावे.

जुलै २०२१ च्या व्हिंटेज नियमांनी तर पारडे मूळ इंजिनाकडे पुरते झुकवले. पन्नास वर्षांवरची, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. १९७० च्या दशकाच्या मध्यातल्या पद्मिनी आता ती रेषा ओलांडू लागल्या आहेत. म्हणून उतरवलेला मूळ ब्लॉक भंगारात देऊ नये. स्वच्छ करून, बोअरला ऑइल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा, आणि नंबर कोरलेल्या जागेवर ग्राइंडर किंवा वायर ब्रश फिरू देऊ नये.